सनदेची दुरुस्ती



आज आम्ही एका कागदाविषयी बोलणार आहोत. हा कागद आपल्या देशातला नाही, दूर अमेरिकेतला आहे. "मास्तर, तिकडच्या कागदाशी आपलं काय देणंघेणं?" असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण शेजाऱ्याचे पीक पाहून आपण आपले बियाणे बदलतोच ना? तसेच दुसऱ्यांचा कारभार पाहून आपल्या कारभाराचा विचार करावा. तिकडे जे चांगले झाले ते पाहू. जे चुकले तेही पाहू. चुकले त्यातूनच जास्त शिकायला मिळेल, असे आम्हाला वाटते.

काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत ५० राज्ये आहेत. राज्यांचे भाग पाडलेले आहेत. बहुतेक राज्यांत त्या भागाला काउंटी म्हणतात. आपला जिल्हा, तशी त्यांची काउंटी. साऱ्या देशात सुमारे तीन हजार काउंट्या आहेत.

त्यातली सर्वांत मोठ्या लोकवस्तीची काउंटी म्हणजे लॉस एंजेलिस. ही कॅलिफोर्निया राज्यात, पश्चिम किनाऱ्यावर आहे. इंग्रजी सिनेमे निघतात ते हॉलिवूड इथेच. या एका काउंटीत ८८ शहरे आहेत आणि सुमारे एक कोटी माणसे राहतात. त्यातले दहा लाखांच्या आसपास लोक कोणत्याच शहराच्या हद्दीत येत नाहीत. त्यांना नगरपालिका नाही. त्यांचे सगळे काउंटीच पाहते.

काउंटीची कामे कोणती? सरकारी दवाखाने चालवणे, तुरुंग सांभाळणे, घराजमिनीचा कर आकारणे, निवडणुका घेणे, गोरगरिबांना मदत पोहोचवणे. या कामांसाठी एक लाखाहून अधिक नोकर आहेत. म्हणजे काउंटीचा कारभार बिघडला तर आजाऱ्याला औषध मिळायला उशीर, बेघराला छप्पर मिळायला उशीर. ही काही लहान गोष्ट नव्हे.

ही सनद कोणी कोणाला दिली?

सनद हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. राजा इनाम द्यायचा, वतन द्यायचा, तेव्हा सनद लिहून द्यायचा. सनद जपून ठेवायची, नाहीतर वतन गेले. काउंटीचीही सनद असते. पण ती उलटी आहे. ती राजाने प्रजेला दिलेली नाही. ती लोकांनी कारभाऱ्यांना दिलेली आहे. "तुम्ही इतके जण असा. इतकी वर्षे असा. हे काम तुमचे, ते काम तुमचे नाही. पैसा असा खर्च करा." असे लोकांनी लिहून दिले आणि कारभाऱ्यांनी त्याप्रमाणे वागायचे.

सगळ्याच काउंट्यांना अशी सनद नसते. पुष्कळ काउंट्या राज्याच्या सर्वसाधारण कायद्याने चालतात. कॅलिफोर्नियात १९११ साली राज्यघटनेत बदल झाला आणि काउंट्यांना आपली सनद आपण करण्याची मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी, १९१२ च्या नोव्हेंबरात, लॉस एंजेलिसच्या मतदारांनी आपली सनद मंजूर केली. ती १९१३ साली लागू झाली. लोकांनी स्वतःसाठी केलेली साऱ्या अमेरिकेतली ही पहिली काउंटी-सनद. आज कॅलिफोर्नियातल्या ५८ काउंट्यांपैकी १४ काउंट्यांना सनद आहे.

सनद झाली तरी काउंटी म्हणजे वेगळे राज्य नव्हे. राज्याचा कायदा डोक्यावर असतोच. घर आपले, पण गावाचे नियम सोडून नव्हे, तसे हे आहे.

दुरुस्ती कोणी सुचवायची?

सनद लिहिली ती माणसांनी. काळ बदलतो, वस्ती वाढते. अंगरखा लहानपणी शिवला तो मोठेपणी कसा बसेल? मग दुरुस्ती करावी लागते. ती कशी करतात ते नीट ऐका.

दुरुस्ती दोन वाटांनी येते. पहिली वाट कारभारी मंडळाची. लॉस एंजेलिसला निवडून आलेल्या सभासदांचे एक मंडळ आहे. त्याने बहुमताने ठराव करायचा आणि दुरुस्ती मतदारांपुढे ठेवायची. दुसरी वाट लोकांची. लोकांनी दुरुस्तीचा मजकूर लिहायचा, गावोगाव फिरून मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतक्या सह्या भरल्या, की ती दुरुस्तीही मतदारांपुढे येते.

वाट कोणतीही असो, शेवट एकच. मंडळाला आपल्या हाताने सनद बदलता येत नाही. मतदारांनी "होय" म्हटले तरच ती बदलते. निवडणुकीच्या दिवशी माणसांना मत देतात, तसेच या दुरुस्तीलाही "होय" किंवा "नाही" असे मत देतात. "होय" जास्त झाले, तर नवा मजकूर राज्याच्या सचिवाकडे दाखल करतात आणि तो लागू होतो.

मतदानाच्या आधी घरोघर एक पुस्तिका पाठवतात. तीत काउंटीच्या वकिलाने दुरुस्तीचा अर्थ समजावून दिलेला असतो. दुरुस्तीच्या बाजूचे लोक आपले म्हणणे मांडतात. विरुद्ध बाजूचे लोक त्यांचे म्हणणे मांडतात. दोघांनाही सारखीच जागा, तीनशे शब्द. त्याहून अधिक नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाला जास्त जागा आणि गरिबाला कमी, असे नाही. तिकडे अनेक देशांची माणसे राहतात, म्हणून निवडणुकीची माहिती इंग्रजीखेरीज इतर भाषांतही छापतात. आपली हिंदी त्यात आहे.

पाचाचे नऊ

आता एका दुरुस्तीची गोष्ट सांगतो. सनद झाली तेव्हा मंडळावर पाच सभासद होते. १९१० च्या शिरगणतीत काउंटीची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे एका सभासदामागे एक लाख माणसे. पुढे वस्ती वाढत वाढत एक कोटीवर गेली. सभासद मात्र पाचच. एका सभासदामागे वीस लाख माणसे झाली!

विचार करा. वीस लाखांचा एक कारभारी. त्याला गाठायचे तरी कसे? म्हातारी आपल्या पेन्शनीचे रडगाणे घेऊन त्याच्या दारी जाईल तर रांग कुठवर असेल?

म्हणून सभासद वाढवावेत अशी सूचना पुन्हा पुन्हा पुढे आली. १९७६ साली आली, १९९२ साली आली, २००० साली आली. प्रत्येक वेळी मतदार "नाही" म्हणाले. का बरे? लोकांना वाटले, कारभारी वाढले की खर्च वाढेल. नऊ खुर्च्या म्हणजे नऊ कचेऱ्या, नऊ जणांचे नोकर. आपल्याकडेही माणूस असाच विचार करतो. यात लोकांना दोष देता येणार नाही. पैसा त्यांच्या खिशातून जायचा असतो.

२०२४ साली मंडळावरच्या जॅनिस हान आणि लिंडसी होरवाथ या दोन बाईंनी पुन्हा ही सूचना मांडली. पाचांपैकी तिघांचा तिला पाठिंबा मिळाला आणि ती मतदारांपुढे गेली. तिला नाव होते "मेझर जी". मेझर म्हणजे मतदारांपुढचा ठराव. सूचना अशी होती: सभासद पाचाचे नऊ करावेत. काउंटीचा मुख्य कारभारी सर्व मतदारांनी निवडून द्यावा. सभासदांच्या वागण्यावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र आयोग नेमावा. वाढीव खर्चासाठी नवा कर बसवू नये.

विरोध करणारेही होते. ते म्हणाले, "एकट्या मुख्य कारभाऱ्याच्या हाती फार सत्ता जाईल. आणि एवढा मोठा बदल इतक्या घाईने का? लोकांना नीट विचारा, वर्षभर बोला, मग लिहा." हे म्हणणे ध्यानात ठेवा. पुढे त्याची आठवण येईल.

५ नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले. निम्म्याहून थोडी अधिक मते "होय" अशी पडली. दुरुस्ती मंजूर झाली. मुख्य कारभाऱ्याची निवडणूक २०२८ साली, आणि नऊ सभासद २०३२ पासून, असे ठरले. शंभर वर्षांहून जुना पाचाचा आकडा लोकांच्या मताने बदलला.

हरवलेला नियम

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण ती संपली नाही.

चार वर्षे मागे जाऊ. २०२० साली त्याच काउंटीत दुसरी एक दुरुस्ती मंजूर झाली होती. तिचे नाव "मेझर जे". काउंटी स्वतः जो पैसा जमवते, आणि जो अमुकच कामाला लावा अशी अट नसते, त्यातला निदान दहावा हिस्सा गरीब वस्त्यांसाठी राखून ठेवावा, असा तो नियम होता. घरे, धंदेशिक्षण, तरुण मुलांची कामे, आणि माणसाला तुरुंगात टाकण्याऐवजी सुधारण्याचे उपाय, यासाठी तो पैसा. तो तुरुंगावर किंवा पोलिसांवर खर्च करायचा नाही. शंभरातल्या ५७ मतदारांनी त्याला "होय" म्हटले.

त्यावर कोर्टकचेरी झाली. २०२१ साली खालच्या कोर्टाने नियम रद्द ठरवला. लोक वर गेले. २०२३ साली वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला. एवढी लढाई करून लोकांनी तो नियम टिकवला.

आणि जुलै २०२५ मध्ये कळले की हा नियम पुसला जाणार आहे. कोणी पुसला? मुद्दाम कोणीच नाही. झाले असे: २०२० साली लोकांनी नियम मंजूर केला, पण कचेरीत कोणी तो सनदेच्या पुस्तकात चढवलाच नाही. २०२४ सालची दुरुस्ती लिहिणाऱ्यांनी ते जुनेच पुस्तक पुढे ठेवले आणि त्यावरून सनदेचा नवा मजकूर तयार केला. जुन्या मजकुराच्या जागी नवा मजकूर येणार. नव्या मजकुरात दहाव्या हिश्श्याचा नियम नाही. म्हणजे २०२८ च्या अखेरीस नवा मजकूर लागू झाला, की गरिबांचा दहावा हिस्सा सनदेतून गेला!

आपल्याकडे फेरफार मंजूर होतो, पण सातबाऱ्यावर नोंद चढत नाही. पुढे कोणी जुना उतारा काढून व्यवहार करतो, आणि बहिणीचा हिस्सा बुडतो. तसाच हा प्रकार.

लाखो लोकांनी "मेझर जी"ला मत दिले. या मताने दुसरा नियम जाणार आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगणाऱ्यांनाच ठाऊक नव्हते, तर ते काय सांगणार? मंडळाने मांडले, वकिलांनी तपासले, वर्तमानपत्रांनी लिहिले. कुणाच्याही ध्यानात आले नाही.

मग ध्यानात आले कसे? नव्या कारभाराची घडी बसवण्यासाठी एक समिती नेमली होती. तिच्यावर एक गृहस्थ होते. पूर्वी त्यांनी एका लहान शहराच्या नगरमंडळावर काम केले होते. त्यांनी सनदेचा मजकूर वाचला. सारांश नव्हे, कोणी सांगितलेले नव्हे, खुद्द मजकूर वाचला. जुना कागद आणि नवा कागद ताडून पाहिला. आणि त्यांनी विचारले, "इथे एक नियम होता. तो कुठे आहे?"

काउंटीच्या वकिलांनी चूक झाल्याचे कबूल केले. मंडळाने चूक दुरुस्त करण्याचे मार्ग शोधायला सांगितले. पुन्हा मतदारांपुढे जाणे, हाही त्यातला एक मार्ग. म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती! घाई नको म्हणणाऱ्यांची आठवण येते ती इथे. पण एक गोष्ट चांगली झाली. चूक २०२८ च्या आधी सापडली. वाचणारा एक माणूस होता म्हणून सापडली.

दर दहा वर्षांनी झाडलोट

सनद जुनी झाली की नाही, हे कोणी आणि कधी पाहायचे? घर झाडायचे तर दिवाळी ठरलेली असते. तशी सनदेला दिवाळी आहे का? एका काउंटीने ती ठरवून टाकली आहे. तिचे नाव किंग काउंटी. ती वॉशिंग्टन राज्यात आहे. राजधानीचे वॉशिंग्टन शहर निराळे. हे राज्य लॉस एंजेलिसच्या खूप उत्तरेला आहे. सिएटल हे मोठे शहर याच काउंटीत येते. आपल्याकडची पुष्कळ मुले तिथे नोकरीला आहेत.

किंग काउंटीची सनद १९६८ साली मतदारांनी मंजूर केली. ती १९६९ पासून चालू झाली. तिच्यातच लिहून ठेवले आहे की निदान दर दहा वर्षांनी एक लोकसमिती नेमावी. तिच्यात किमान पंधरा माणसे असावीत. काउंटीच्या प्रत्येक मतदारसंघातले निदान एक माणूस हवेच. या समितीने सनद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची आणि काय बदलावे ते सुचवायचे. मग मंडळाने विचार करायचा आणि शेवटी मतदारांनी ठरवायचे.

तिथे पोलिसांच्या प्रमुखाला शेरीफ म्हणतात. १९६८ च्या सनदेत तो नेमायचा होता. १९९६ साली मतदार म्हणाले, "आम्ही त्याला निवडून देऊ." २०२० साली मतदारच म्हणाले, "नको, पुन्हा नेमणूकच बरी." निवडून दिलेला शेरीफ लोकांना जबाबदार राहतो, हे एका बाजूचे म्हणणे. नेमलेला शेरीफ चांगला पारखून घेता येतो आणि वाईट निघाला तर काढताही येतो, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. लोकांनी दोन्ही करून पाहिले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अनुभव आला, मत बदलले.

त्याच २०२० साली तिथल्या सनदेतला "नागरिक" हा शब्दही मतदारांनी काढला. का? नागरिक म्हटले की त्या देशाचे नागरिकत्व असलेलाच माणूस, असा अर्थ होतो. काउंटीत राहणारे, कर भरणारे, पण अजून नागरिक न झालेले पुष्कळ लोक असतात. तेही आपलेच रहिवासी, हे दिसावे म्हणून शब्द बदलला. पाहा, कायद्यात एका शब्दाने माणूस आत येतो आणि एका शब्दाने बाहेर राहतो.

आपल्याकडे काय?

आता घरी येऊ. आपल्या जिल्ह्याला अशी सनद नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ साली झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तो कायदा बदलायचा तर विधानमंडळाने बदलायचा. आपण त्यावर "होय-नाही" असे मत देत नाही. आपण आमदार निवडून देतो, ते ठरवतात. दोन देशांच्या दोन रीती आहेत.

पण एक जागा अशी आहे की जिथे सनदेसारखी गोष्ट आपल्या हाती आहे. ती म्हणजे आपली सोसायटी. विकास सोसायटी असो, दूध सोसायटी असो, तिला पोटनियम असतात. किती संचालक, किती वर्षे, कर्ज कोणाला, नफा कसा वाटायचा, हे त्यात लिहिलेले असते. हे पोटनियम बदलायचे तर सर्वसाधारण सभेपुढे यावे लागते. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांनी हात वर केला पाहिजे. मग निबंधक नोंद करतो तेव्हा बदल लागू होतो.

आणि त्या सभेत काय होते? सचिव वाचून दाखवतो, "पोटनियमात सुधारणा करण्याचा विषय." कोणीतरी म्हणतो, "मंजूर, मंजूर." सगळे हात वर करतात आणि चहाकडे वळतात. काय मंजूर केले ते घरी गेल्यावर कुणाला सांगता येत नाही.

म्हणून पुढच्या सभेला जाल तेव्हा चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: आज नियम काय आहे? तो पुस्तकातून वाचून दाखवा.

दुसरा प्रश्न: नवा नियम काय होणार? त्याचे शब्द वाचा, सारांश नको.

तिसरा प्रश्न: यामुळे जुने काय जाते? नुसते येणारे सांगू नका, जाणारेही सांगा.

चौथा प्रश्न: मागच्या सभेत मंजूर केलेले बदल या पुस्तकात चढले आहेत का?

हे विचारले म्हणून कोणी रागावेल. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणेल. त्याला शांतपणे सांगा, "विश्वास आहे, म्हणून तर विचारतो. चूक कोणाच्याही हातून होते. लॉस एंजेलिसला एवढे वकील असून झाली."

पूर्वी तुम्ही हे विचारू शकत नव्हता. कागदावर अंगठा उठवायचा आणि गप्प राहायचे. आता तुम्हाला अक्षर येते. हळू येते, बोट ठेवून येते, पण येते. पोटनियमांचे पुस्तक सोसायटीच्या कचेरीत पाहायला मागण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. त्याला पैसा पडत नाही. या आठवड्यात कोणीतरी जा आणि ते मागून घ्या. दोघे-तिघे मिळून वाचा. जिथे अडेल तिथे खूण करा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या. आपण मिळून अर्थ लावू.

बायांनीही हे वाचावे. दूध सोसायटीत दूध तुमच्याच हातचे जाते. नियम मात्र पुरुषांनीच मंजूर करायचे, हे बरे नव्हे.

आमचे बोलणे इथे पुरे. पुस्तक आणायचे विसरू नका.